आंबुशीला हात लावू नये

लग्नाला सहा वर्षं झाली, त्यात सूनबाईने सासऱ्यांकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं, आणि तीही एक पाटी.

"बाबा, खाली पाण्याच्या टाकीमागे ती आंबुशी आहे ना, तिथे एक छोटीशी पाटी लावाल का? 'हात लावू नये' एवढंच लिहा. झाडणाऱ्या बाईंनी काल परत एक कोपरा उपटला."

सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. त्याआधी छत्तीस वर्षं त्यांनी एका मोठ्या कचेरीत सूचना लिहिण्याचं काम केलं होतं. जिना ओला आहे, लिफ्ट बंद आहे, साहेब रजेवर आहेत, असं जे काही माणसांना सांगायचं असेल ते यांच्या टेबलावरून जायचं. या कामात त्यांनी एकच तत्त्व पाळलं, ते म्हणजे सूचनेला कारण द्यावं. नुसतं 'थुंकू नये' लिहिलं तर माणूस थुंकून पुढे जातो. का थुंकू नये ते लिहिलं, तर निदान वाचून होईपर्यंत तरी थांबतो, असा त्यांचा अनुभव होता.

बिल्डिंगमध्ये त्यांना सूचनाकाका म्हणत. तोंडाने बोलणं मात्र त्यांना कधीच जमलं नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलण्याचं खातं सासूबाईंकडे होतं आणि दोन वर्षांपूर्वी त्या गेल्यापासून ते बंदच पडलं होतं. दूधवाल्यालासुद्धा ते दारावर चिठ्ठी लावून कळवत, 'उद्या अर्धा लिटर जास्त द्यावे, कारण आज मांजराने सांडले.' मुलगा जहाजावर इंजिनियर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात ही दोघंच, आणि दोघांमध्ये एक शांत, भिडस्त माया.

सूनबाई विद्यापीठात पीएच.डी. करत होती. एका दुर्लक्षित रानभाजीत अँटिऑक्सिडंट आणि जंतूंना रोखणारे गुण किती आहेत, हा तिचा विषय, आणि ती रानभाजी म्हणजे आंबुशी. तुम्हीही तिला ओळखत असाल. कुंडीत आपण काहीतरी वेगळंच लावतो आणि उगवते ही; तीन-तीन पानांचा झुबका, इवलंसं पिवळं फूल, चघळलं तर आंबट. टाकीच्या गळक्या नळाखाली तिचा चटईएवढा हिरवागार तुकडा माजला होता. सात वर्षांचं काम संपत आलं असताना परीक्षकांनी शेरा मारला होता, की त्याच जागेवरची रोपं घेऊन प्रयोग पुन्हा करावा आणि आकडे जुळतात का ते दाखवावं. मुदत तीनदा वाढवून झाली होती. महिनाअखेर प्रबंध गेला नाही तर सात वर्षं पाण्यात. प्रयोगाला अर्धा किलो ताजी पानं हवी होती, आणि ती सुकवायची जाळी प्रयोगशाळेत रविवारी मोकळी होणार होती. तोवर सहा दिवस आंबुशी जगायला हवी, एवढंच तिचं मागणं होतं.

सासऱ्यांनी दुपारभर बसून तीन कच्चे मसुदे केले आणि संध्याकाळी टाकीमागे सुबक अक्षरातली पाटी लागली. 'येथील आंबुशीच्या रोपांना हात लावू नये. कारण, ती वरकरणी तण वाटली तरी तिच्यात शरीराची झीज रोखणारे अँटिऑक्सिडंट तसेच रोगजंतूंना आळा घालणारे गुण असून त्यावर विद्यापीठात संशोधन चालू आहे. ती खाण्यास योग्य व चवीस आंबट आहे.'

त्या दिवसापर्यंत बिल्डिंगमधल्या एकाही माणसाने टाकीमागे वाकून पाहिलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाई कपडे वाळत घालायला गेल्या आणि पाटी वाचून जरा जास्त वेळ तिथेच रेंगाळल्या. दुपारी विमा एजंट दोन पिशव्या घेऊन खाली उतरला. बुधवारी तिसऱ्या मजल्यावरची बाई आंबुशी वाटून केसांना लावून बसली होती. समोरच्या बिऱ्हाडातल्या आजोबांना तिचा रस चमच्याने पाजला जात होता आणि ते तोंड वाकडं करत होते. गाडी शिकवणारे मास्तर शिकाऊ गाडीच्या डॅशबोर्डवर एक जुडी ठेवून फिरत होते. तिचा तिथे काय उपयोग, हे त्यांनाही नेमकं सांगता येत नव्हतं. सूनबाई सकाळी अंधारात निघायची आणि दिवेलागणीला परतायची, त्यामुळे तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

गुरुवारी सकाळी सासरे पाटी पुसायला म्हणून खाली गेले. चटईतली निम्मी आंबुशी गेली होती. ते तसेच वर आले, दार लावून घेतलं आणि टेबलाशी बसले. समोरच्याची समजूत चुकली तर दोष सूचनेचा, हे कचेरीत शिकलेलं. म्हणजे कारण कमी पडलं.

दुसरी पाटी पहिलीपेक्षा मोठी झाली. 'खुलासा. मागील सूचनेतील गुण प्रयोगशाळेत काचेच्या बशीत आढळले असून माणसात तपासलेले नाहीत. तरी रोपे तोडू नयेत. कारण, आंबुशीत ऑक्झॅलिक आम्ल असल्याने ती अति खाल्ल्यास मूतखड्याची तक्रार असणाऱ्यांस त्रास होऊ शकतो.'

आता, सोसायटीच्या सेक्रेटरींना गेल्याच वर्षी मूतखडा झाला होता. आणि मंगळवारपासून ते रोज सकाळी अनशापोटी मूठभर आंबुशी खात होते. पाटी वाचताना त्यांचा हात आपोआप कमरेवर गेला. अर्ध्या तासात त्यांनी डॉक्टरांना फोन केला, मग बायकोला, मग फवारणीवाल्याला.

"अहो, टाकीला लागून आहे ते. उद्या पाण्यात उतरलं तर पूर्ण बिल्डिंगला खडे होतील," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. तसं काही होत नाही, हे सांगू शकणारी एकच बाई त्या वेळी विद्यापीठात भिंगातून बशी बघत होती. दुपारी तीनला फवारणीवाला आला आणि उरलेली निम्मी आंबुशी औषधाने भिजवून गेला.

संध्याकाळी सूनबाई परतली ती थेट टाकीमागेच गेली. सासरे वरून खिडकीतून बघत होते. तिने दोन्ही पाट्या वाचल्या. मग तिथल्याच पायरीवर पर्स मांडीवर घेऊन बसली. बराच वेळ बसली. वर आली तेव्हा तिने हातपाय धुतले, दोघांची ताटं वाढली.

"दोन्ही पाट्या माझ्याच," सासरे म्हणाले.

"हो, बाबा."

"पहिलीत कारण जास्त झालं."

"जेवून घ्या बाबा. गार होतंय."

ती ओरडली असती तर त्यांना सोसलं असतं. छत्तीस वर्षं साहेबांची बोलणी खाल्लेला माणूस. पण ती भाजी वाढत राहिली आणि ते ताटातला भात नुसताच चिवडत राहिले.

शुक्रवारी सकाळी ती गाईड मॅडमना सगळं सांगायला गेली आणि इकडे दाराची बेल वाजली. शिंपीणबाई उभ्या होत्या. हातात कान तुटलेला मग, आणि मगात तरारलेली आंबुशी.

"काका, तुमची पहिली पाटी वाचून मी ही मुळासकट आणली, आणि आता दुसरी वाचली. मग आता खाऊ की नको? नाही, नुसती टाकून द्यायची तर जीव होत नाही. किती छान लागलीय बघा."

सासऱ्यांनी तो मग हातात घेतला. तीन दिवसांपूर्वीपर्यंत हे रोप टाकीमागे होतं. त्याच जागेवरचं, औषध न लागलेलं. आणि मुळासकट नेणाऱ्या एकट्या शिंपीणबाईच असतील असं थोडंच आहे.

"बसा," ते म्हणाले. गेल्या दोन वर्षांत त्या घरात कोणी हा शब्द ऐकला नव्हता. "म्हणजे, नको, बसू नका. थांबा. आणखी कोणी नेली?"

"कोणी नाही नेली ते विचारा, काका."

त्यांनी लगेच सूनबाईला फोन लावला. तिने मॅडमना विचारलं. मॅडमनी जरा विचार करून सांगितलं, की रोपं तीच असतील तर चालेल. पण कोणी, कधी नेली, कशात लावली, काय घातलं, याची प्रत्येक रोपामागे नोंद हवी, नाहीतर परीक्षक उभं करणार नाहीत.

"बाबा, हे सगळं कोण लिहून ठेवणार," सूनबाई फोनवर रडवेल्या आवाजात म्हणाली. "आणि लोकांना विचारणार कोण? तुम्ही पाटी नका लावू हं, प्लीज."

"नाही लावत," सासरे म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मग धुवट शर्ट घातला, फुटपट्टीने वहीवर रकाने आखले आणि चप्पल अडकवली. वीस बिऱ्हाडं होती. स्वतःचं आणि शिंपीणबाईंचं सोडलं तर अठरा दारं वाजवायची होती.

पहिल्या दारापाशी ते इतका वेळ उभे राहिले, की आतून कोणीतरी छिद्रातून दोनदा बघून गेलं. दार विमा एजंटाचं होतं. शेवटी त्यानेच ते उघडलं. सासऱ्यांनी खिशातून कागद काढला आणि मोठ्याने वाचला.

"विषय, आंबुशी परत मिळण्याबाबत. महोदय, आपण टाकीमागून काही रोपे नेली असल्यास..."

"छे हो काका. आमच्याकडे असलं काही नाही. आम्ही कशाला हात लावतोय?"

त्याच्या खांद्यामागे बाल्कनीत सात कुंड्या ओळीने मांडलेल्या दिसत होत्या. सासऱ्यांनी त्या मोजल्या. मग कागदाकडे पाहिलं. कागदात यापुढचं काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला.

"माझी सून आहे ना," ते म्हणाले आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली. "तिने सात वर्षं घातली त्यात. मला म्हणाली, एवढंच लिहा, हात लावू नये. मी शहाणपणा केला. तिचं काही चुकलं नाही हो. माझं चुकलं. मला ती पानं पाहिजेत."

एजंटाने दार पुरतं उघडलं. समोरच्या माणसाला घाबरवून पॉलिसी गळ्यात मारायची सवय असलेल्या त्या गृहस्थाला असं सरळ बोलणं ऐकायची सवय नव्हती.

"या आत," तो म्हणाला. "तुटू नयेत म्हणूनच आणली होती मी. जपून ठेवायला. सात कुंड्या आहेत. बायको चहा टाकतेय, घेऊन जा."

"नोंद करायची आहे. पाणी कसलं घातलंत?"

"नळाचं."

"नेण्याचं कारण?"

"काका, हेही लिहायचं?"

"मॅडमनी मागितलं नाही. पण रकाना आखलाय मी."

एजंटाने मान खाजवली. "लिहा मग. फुकट होतं म्हणून."

संध्याकाळपर्यंत सासऱ्यांनी सगळी दारं पालथी घातली आणि नऊ कप चहा प्यायला. कारणांचा रकाना भरत गेला. 'केस गळतात.' 'सासूचे गुडघे.' 'सगळे नेत होते म्हणून.' 'पाटी फार छान लिहिली होती.' शेवटचं कारण समोरच्या आजोबांचं. ते लिहिताना सासऱ्यांनी पेन दोनदा झटकलं, वास्तविक शाई व्यवस्थित उतरत होती. चौथ्या दारापासून त्यांना कागद लागला नाही. बाराव्या दारात त्यांनी सासूबाईंची एक आठवणसुद्धा सांगितली, कारण त्या घरच्या बाईंनीच विषय काढला, आणि दोघंही उंबऱ्यात उभ्याउभ्या हसली.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर कुंड्या, मग, डबे, एक जुना बूट आणि एक हेल्मेट अशी रांग लागली. त्या सगळ्यांत आंबुशी होती. सूनबाई हातमोजे घालून वही वाचत एकेक निवडत होती.

"दूध घातलेलं. बाद. चहाचा चोथा. बाद. हे काय, बाबा? 'रोज शांपूचे पाणी'?"

"केस गळणाऱ्या बाई. म्हणाल्या, दोघांनाही उपयोग होईल."

निम्मी रोपं बाद झाली. उरलेल्यांची पानं खुडून, धुऊन, पुसून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. चारशे ऐंशी ग्रॅम. सूनबाईने भांड्याच्या तळाशी चिकटलेली दोन पानंही काट्यावर टाकली. काटा हलला नाही. अकरा वाजता जाळीवर पानं पसरायची होती. खाली टाकीमागे तपकिरी पाचोळा उरला होता.

"वीस ग्रॅम," ती खुर्चीत बसत म्हणाली. "बाबा, वीस ग्रॅमसाठी."

तेवढ्यात बेल वाजली. दारात सेक्रेटरी उभे होते, आणि त्यांच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"कोणाला सांगू नका," ते आत सरकत म्हणाले. "फवारणीच्या आधी थोडी काढून ठेवली होती मी. बाथरूमच्या खिडकीत."

"तुम्ही?" सूनबाई म्हणाली. "तुमचा तर मूतखडा..."

"डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून मग खाणार होतो. म्हटलं, सोन्यासारखी वस्तू, आपल्याच हाताने सगळी कशाला मारा?" त्यांनी टॉवेल सोडला. बादलीभर आंबुशी होती, हिरवीगार, टवटवीत. "परवा काका आले तेव्हा लाज वाटली, नाही म्हणून सांगितलं. काल दिवसभर जेवण गेलं नाही. काका, लिहून घ्या, साधं पाणी. कारणाच्या रकान्यात काय लिहू ते तुम्हीच सुचवा."

"कारण नको," सासरे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. पानं सुकली, कुटली, अर्क निघाला. जांभळं द्रावण अर्क पडताच पिवळं होत गेलं, म्हणजे अँटिऑक्सिडंट गुण होता तेवढा आहेच. जंतू वाढवलेल्या बशीत अर्काच्या टिकलीभोवती स्वच्छ कडं पडलं, गेल्या वेळेपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने कमी. गाईड मॅडमनी सूनबाईचे आकडे पाहिले आणि मग बराच वेळ सासऱ्यांची वही पाहिली. "आपल्याकडे एकही विद्यार्थी अशी नोंद ठेवत नाही," त्या म्हणाल्या. "यांना विचार, आठवड्यातून दोनदा येऊन आमच्या पोरांना शिकवतील का?"

बशीचा फोटो मोबाईलवर सगळ्या बिल्डिंगने पाहिला.

"एवढुसंच कडं?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"एवढंच," सूनबाई म्हणाली. "यावरून औषध वगैरे काही होत नाही. पण आकडे जुळले."

"मग झालं तर," शिंपीणबाई म्हणाल्या आणि ते कडं आपल्याच मगातलं असल्यासारख्या सगळ्यांना दाखवत फिरल्या.

प्रबंध मुदतीच्या दोन दिवस आधी तयार झाला. छपाईला देण्यापूर्वी सूनबाईने तो सासऱ्यांच्या हातात ठेवला. इतकी वर्षं तिने घरात कोणाला एक पान दाखवलं नव्हतं. सासऱ्यांनी लाल पेन काढलं आणि पहिल्याच पानावर थबकले.

"यात 'दुर्लक्षित वनस्पती' लिहिलंय. ते आता खोटं आहे. एकोणीस घरांत कुंड्या आहेत."

"मॅडमपण तेच म्हणाल्या. पण विषय मंजूर झालाय, बदलता येत नाही. राहू दे."

मग ते ऋणनिर्देशाच्या पानावर आले. ते पान संपता संपेना. शिंपीणबाईंचे आभार, कारण त्यांनी पहिलं रोप परत आणलं. विमा एजंटाचे आभार, कारण त्यांनी सात कुंड्या जपल्या. सेक्रेटरींचे आभार होते आणि त्यापुढे कारण दिलेलं नव्हतं, तसं ठरलंच होतं. मास्तरांचे, आजोबांचे, हेल्मेट देणाऱ्या मुलीचे. प्रत्येक नावापुढे कारण, अगदी सासऱ्यांच्या पद्धतीने. वाचता वाचता त्यांची मान समाधानाने हलत होती. सगळ्यात शेवटी, वेगळ्या ओळीत, दोनच शब्द होते. 'आणि बाबा'

त्यांनी पान उलटून मागे पाहिलं. मागे कोरं होतं.

"इथे कारण लिहायचं राहिलं तुझं."

"राहिलं नाही, बाबा. मुद्दामच नाही लिहिलं," सूनबाई त्यांचा रिकामा कप उचलत म्हणाली. "कारण लिहिलं की लोक मुळासकट उपटून नेतात. मला तुम्ही घरातच हवे आहात."

सासऱ्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग लाल पेन उचललं आणि 'आणि बाबा' यापुढे राहिलेला पूर्णविराम नीट, गोल करून दिला.